४,२९,४९,६७,२९७ : कसोटी ‘मूळ’ म्हणते, पण ६४१ ने भाग जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४२९४९६७२९७ ही संख्या मूळ आहे का, हे पाहायला फर्माच्या छोट्या सिद्धांतावरची कसोटी लावली: एक पाया घेऊन त्याच्या (संख्या − १) व्या घाताला त्या संख्येने भागायचं; संख्या मूळ असेल तर बाकी १ येते. पाया २ घेतला, बाकी १ आली, म्हणजे संख्या मूळ असावी असं वाटलं. मग संगणकाने अवयव पाडून दाखवले: ६४१ आणि ६७००४१७. तर कसोटी का फसली, संगणक नसता तर ६४१ पर्यंत पोचता आलं असतं का, आणि या संख्येबद्दल आणखी काय सांगता येईल?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत दडलेली आहेत. मोठी संख्या समोर आली की आपण आधी तिचे अंक तपासायला लागतो. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. एकाआड एक अंकांच्या बेरजा २१ आणि ३८, फरक १७, म्हणून ११ बाद. इथे अंकांची मदत संपते. पुढे एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसायचं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५५३६ पर्यंत, जावं लागेल आणि तिथवर ६५४२ मूळ संख्या आहेत. ६४१ ही त्यांतली ११६ वी. म्हणजे ११५ भागाकार वाया गेल्यावर ११६ वा लागू पडणार. माणसाने करण्याजोगं हे काम नक्कीच आहे, पण त्यातून संख्येबद्दल काहीच कळत नाही.

त्याऐवजी आधी विचारावं की ही संख्या आली कुठून. ६५५३६ चा वर्ग ४२९४९६७२९६. आपली संख्या त्याहून फक्त एकने मोठी. ६५५३६ म्हणजे २ चा १६ वा घात, म्हणून आपली संख्या = २^३२ + १. (घात दाखवायला मी ^ हे चिन्ह वापरतो आहे.) द्विमान पद्धतीत लिहिली तर एक, मग एकतीस शून्यं, मग पुन्हा एक. दशमान पद्धतीत ओबडधोबड दिसणारी संख्या तिथे इतकी साधी आहे. हा साधेपणा हाती आला की तिचे अवयव कोणत्या साच्यातले असणार, हे एकही भागाकार न करता सांगता येतं.

ही पाचवी फर्मा संख्या. २^१ + १ = ३, २^२ + १ = ५, २^४ + १ = १७, २^८ + १ = २५७, २^१६ + १ = ६५५३७ या आधीच्या पाच, शून्यापासून मोजलेल्या. घातांक दर वेळी दुप्पट. त्या पाचही मूळ आहेत. पिएर द फर्माने १६४० च्या सुमारास पत्रांतून म्हटलं की अशा सगळ्याच संख्या मूळ असाव्यात; सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती. १७२९ मध्ये गोल्डबाखने पत्रातून या विधानाकडे ऑयलरचं लक्ष वेधलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने सांगितलं की पाचव्या संख्येला ६४१ ने भाग जातो. ६४१ कसा शोधला असावा, हे त्याने पुढे लिहिलेल्या सिद्धतेवरून दिसतं, आणि तोच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा गाभा आहे.

समजा, म ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग म च्या हिशेबात (म्हणजे म ने भागून फक्त बाकी ठेवायची या हिशेबात) २^३२ म्हणजे −१. वर्ग केला की २^६४ म्हणजे १. आता २ चे घात म च्या हिशेबात एकामागोमाग एक लिहीत गेलो तर ते फिरून १ वर येतात आणि मग तीच मालिका सुरू होते. या चक्राची लांबी ६४ ला भागणारीच असणार, कारण ६४ व्या घाताला १ येतो. पण ती ३२ किंवा त्याचा विभाजक असू शकत नाही, कारण ३२ व्या घाताला −१ आलेला आहे. म्हणून लांबी बरोबर ६४. फर्माच्याच छोट्या सिद्धांताप्रमाणे चक्राची लांबी म − १ ला भागते. म्हणून म = ६४क + १ याच साच्यातली हवी. दुसरी कुठलीही मूळ संख्या आपल्या संख्येला भागूच शकत नाही.

६४क + १ लिहीत जा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांत मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे पाचव्या भागाकाराला उत्तर. ११६ वरून ५ वर आलो.

अजूनही कमी करता येतं. १८७८ मध्ये एद्वार ल्युकाने दाखवलं की या साच्यात ६४ च्या जागी १२८ घालता येतात. मला ही सुधारणा फार आवडते, कारण ती प्रत्यक्ष आकड्यांत दाखवता येते. १६७७६९६० ही संख्या घ्या. ती २५६ × ६५५३५ आहे. तिचा वर्ग २^१६ × (२^१६ − १)^२, म्हणजेच २^१६ × (२^३२ + १ − २^१७). आपल्या संख्येच्या हिशेबात २^३२ + १ म्हणजे शून्य, म्हणून उरतं −२^३३. आणि २^३२ जर −१, तर −२^३३ म्हणजे २. थोडक्यात, १६७७६९६० च्या वर्गाला आपल्या संख्येने भागलं तर बाकी २ उरते. म्हणजे आपल्या संख्येच्या हिशेबात २ ला वर्गमूळ आहे. ही गोष्ट तिच्या प्रत्येक मूळ अवयवाच्या हिशेबातही खरी. त्या वर्गमूळाचं चक्र २ च्या चक्राच्या दुप्पट, १२८ लांबीचं, म्हणून १२८ ने म − १ ला भाग गेलाच पाहिजे.

आता १२८क + १: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत १२९, ३८५ आणि ५१३ या संयुक्त आहेत. उरल्या २५७ आणि ६४१. त्यातली २५७ तर न भागताच जाते. पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार करा, ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, तो येतो ४२९४९६७२९५, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा बरोबर दोनने कमी. म्हणून २५७ ने आपल्या संख्येला भागलं तर बाकी २ उरणार. राहिली एकटी ६४१. पहिलाच भागाकार, आणि तो नि:शेष जातो.

६४१ ने भाग जातो हे लांबलचक भागाकाराशिवायही दाखवता येतं. ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून, ६४१ च्या हिशेबात ५ × २^७ म्हणजे −१. दोन्ही बाजूंचा चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ म्हणजे १. दुसऱ्यावरून ५^४ म्हणजे −२^४. तो वर घातला की −२^३२ म्हणजे १. म्हणून २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो. शाळेतल्या मुलांनाही फळ्यावर दोन मिनिटांत पटवता येईल असं हे आहे, आणि ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांनी एकदा स्वतःच्या हाताने लिहून पाहावंच.

भागाकार येतो ६७००४१७. ही मूळ आहे का? इथे बरेच जण पुन्हा २, ३, ५, ७ पासून सुरुवात करतात. वर्गमूळ २५८८ च्या थोडं वर आहे, म्हणजे साडेतीनशेहून अधिक मूळ संख्या. पण या भागाकाराचे अवयव हे आपल्या ४२९४९६७२९७ चेच अवयव आहेत, त्यामुळे साचा तोच: १२८क + १. ६४१ पासून २५६१ पर्यंत अशा सोळा संख्या येतात आणि त्यांत मूळ फक्त चार: ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाकीच्या सहज फुटतात. १५३७ जरा फसवी दिसते, ती २९ × ५३ आहे, आणि १९२१ म्हणजे १७ × ११३. चार भागाकार करा. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. संपूर्ण काम कागदावर, अर्ध्या पानात.

फर्माला हे का जमलं नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो. साधनं सगळी त्याच्या हातात होती. छोटा सिद्धांत त्याचाच. त्याच १६४० च्या सुमारास त्याने अशाच साच्याच्या युक्तीने २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो हे शोधलं होतं. पण अवयव पाडण्याची त्याची जी दुसरी प्रसिद्ध रीत, म्हणजे संख्या दोन वर्गांच्या फरकाच्या रूपात लिहायची, ती इथे अगदी निरुपयोगी आहे. आपली संख्या ३३५०५२९ आणि ३३४९८८८ यांच्या वर्गांचा फरक आहे. वर्गमूळाजवळून, ६५५३७ पासून, निघून एकेक पाऊल टाकत ३३५०५२९ पर्यंत जायचं तर बत्तीस लाखांहून जास्त पावलं होतात. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ती रीत झटपट लागू पडते. एक अवयव तीन अंकी आणि दुसरा सात अंकी असेल तर साधा भागाकार बरा. म्हणूनच सांकेतिक संदेशांच्या कामात दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार वापरताना त्या दोन संख्या अगदी शेजारच्या नसाव्यात याची काळजी घेतात.

आता कसोटीकडे. कसोटी म्हणते: न मूळ असेल आणि पाया न च्या पटीत नसेल, तर पायाच्या (न − १) व्या घाताला न ने भागलं की बाकी १ यायलाच हवी. उलट दिशेने हे खरं नाही. बाकी १ आली म्हणून न मूळ ठरत नाही. हे पुस्तकी उत्तर झालं. इथे नेमकं काय घडलं ते जास्त महत्त्वाचं आहे. आपल्या संख्येत न − १ = २^३२. आणि २^३२ म्हणजे −१ हे तर संख्येच्या व्याख्येतच आहे, २^६४ म्हणजे १. ६४ ने २^३२ ला भाग जातो, म्हणून २ च्या २^३२ व्या घाताला बाकी १ येणारच. संख्या मूळ असो वा नसो, उत्तर आधीच ठरलेलं. तुम्ही संख्येला तिच्या स्वतःच्या रचनेतलाच प्रश्न विचारलात. प्रत्येक फर्मा संख्येबाबत पाया २ घेतला की हेच होतं. पाया ४, ८, १६ घेतलात तरी काही नवं कळणार नाही, कारण ते २ चेच घात. इतकंच काय, याहून कडक असलेली मिलर-राबिन कसोटी पाया २ घेऊन लावली, तरी ही संख्या तीतूनही सहीसलामत सुटते, कारण वर्ग करत जाताना १ च्या आधी −१ यावा ही तिची अट इथे आपोआप पूर्ण होते.

पाया ३ घेऊन पाहा. ३ च्या २^३२ व्या घाताला आपल्या संख्येने भागलं तर बाकी ३,०२,९०,२६,१६० येते. ती १ नाही, म्हणून संख्या संयुक्त, निकाल पक्का. हेच ६४१ च्या हिशेबात हाताने करता येतं आणि कारणही दिसतं. ३ चा वर्ग ९, त्याचा वर्ग ८१, मग १५१, ३६६, ६२८, १६९, ३५७, ५३१, ५६२, ४७२ आणि पुन्हा ३५७. इथून पुढे ३५७, ५३१, ५६२, ४७२ याच चार संख्या आलटून पालटून येत राहतात, १ कधीच येत नाही. बत्तिसाव्या वर्गाला ५३१ वर आपण थांबतो. हे चक्र तयार होतं कारण ६४० = १२८ × ५, आणि तो ५ नुसत्या वर्गांनी कधीच कटत नाही.

मग पाया २ हा अपवाद किती दुर्मीळ? हेही नेमकं मोजता येतं. एखाद्या पायाला कसोटी उत्तीर्ण होण्यासाठी ६४१ आणि ६७००४१७ या दोन्हींच्या हिशेबात त्याच्या चक्राची लांबी २ चा घात असावी लागते. ६४१ च्या हिशेबात असे १२८ पाये आहेत. ६७००४१६ = १२८ × ३ × १७४४९, म्हणून तिथेही बरोबर १२८. एकूण १२८ × १२८ = १६३८४. आणि आपल्या संख्येशी सहमूळ असलेले, तिच्याहून लहान पाये ४,२८,८२,६६,२४०. भागाकार येतो २६१७३५. म्हणजे सरासरी दोन लाख एकसष्ट हजार सातशे पस्तीस पायांतून एकच फसवतो, आणि सगळ्यांच्या हाताला आधी येणारा २ नेमका त्यांतला निघतो. म्हणून माझा आग्रह असतो की ज्या संख्येच्या रचनेत २ आहे तिला २ ने कधीच तपासू नये. ३ सोडून बाकी फर्मा संख्यांसाठी पेपँ या फ्रेंच गणितज्ञाची १८७७ ची कसोटी आहे, ती आता पाया ३ घेऊन लावतात: ३ चा (न − १)/२ वा घात −१ आला तर मूळ, नाही आला तर संयुक्त. तीत दोन्ही दिशांना खात्री आहे, फसवाफसवीला जागाच नाही.

इतर गुणधर्मांपैकी सगळ्यात सुंदर मला वर्गांच्या बेरजेचा वाटतो. आपली संख्या = ६५५३६^२ + १^२ हे तर उघड आहे. पण ती आणखी एका रीतीने दोन वर्गांची बेरीज होते: ६२२६४^२ + २०४४९^२. पहिला वर्ग ३८७६८०५६९६, दुसरा ४१८१६१६०१, बेरीज करून पाहा. शिवाय २०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे, त्यामुळे दुसरं पद १४३ चा चौथा घात होतं. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येत असेल तर ती एकाच रीतीने मांडता येते. म्हणून अशी दुसरी मांडणी सापडणं हाच संख्या संयुक्त असल्याचा पुरावा, आणि ऑयलरच्या रीतीने तिच्यातून अवयवही काढता येतात.

ते असे. दोन मांडण्या समान ठेवल्या की ६५५३६^२ − ६२२६४^२ = २०४४९^२ − १. म्हणजे ३२७२ × १२७८०० = २०४४८ × २०४५०. ३२७२ आणि २०४४८ यांचा मसावि ८. १२७८०० आणि २०४५० यांचा मसावि ५०. दोन्हींची अर्धी घ्या, ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. आणि ३२७२ ला ८ ने भागून ४०९, २०४४८ ला ८ ने भागून २५५६; त्यांच्या वर्गांची बेरीज १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७. दोन्ही अवयव हातात आले, आणि ते स्वतः कोणत्या वर्गांची बेरीज आहेत तेही कळलं.

उलट दिशेनेही जाता येतं. २५, ४ आणि २५५६, ४०९ या जोड्या घ्या. २५ × २५५६ = ६३९०० आणि ४ × ४०९ = १६३६; बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. २५ × ४०९ = १०२२५ आणि ४ × २५५६ = १०२२४; वजाबाकी १, बेरीज २०४४९. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो हे जुनं सूत्र ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखलं जातं. त्याच्या सातव्या शतकातल्या कामात ते अधिक व्यापक रूपात येतं. १०२२५ आणि १०२२४ मधला तो एकचा फरक म्हणजेच २^३२ + १ मधला १.

बाकीचे गुणधर्म अवयव मिळाल्यावर भराभर निघतात. विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि संख्या स्वतः. त्यांची बेरीज ६४२ × ६७००४१८ = ४,३०,१६,६८,३५६. स्वतःला वगळून बेरीज ६७०१०५९, म्हणजे संख्येच्या मानाने नगण्य. परिपूर्ण संख्येच्या आसपासही ती नाही. सहमूळ संख्यांची गणती वर आलीच, ६४० × ६७००४१६. तिच्याशी सहमूळ असलेला कोणताही पाया घेतला तरी ३,३५,०२,०८० व्या घाताला बाकी १ येते. हा आकडा म्हणजे ६४० आणि ६७००४१६ यांचा लसावि.

शेजारीही पाहण्यासारखे आहेत. एक कमी केला की २^३२, त्यात २ सोडून दुसरा मूळ अवयवच नाही. एक वाढवला की २ × ३ × ७१५८२७८८३, आणि ही नऊ अंकी संख्या मूळ आहे. दोन कमी केले की पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार, ४२९४९६७२९५. ही ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या, त्यामुळे संगणकावर काम करणाऱ्यांच्या नजरेखालून ती सतत जात असते. आपल्या संख्येला ३३ बिट लागतात. ३२ बिटांच्या चलात ती ठेवायला गेलात तर १ उरेल. स्वतः प्रोग्राम लिहून तपासत असाल तर हे आधी पाहा. चुकीच्या बाक्या बहुतेक वेळा इथूनच येतात.

याच ४२९४९६७२९५ ला भूमितीतही मान आहे. नुसती पट्टी आणि कंपास घेऊन कोणते सुसम बहुभुज काढता येतात, याचं उत्तर गाउसने शोधलं. सतरा बाजूंच्या बहुभुजाचा शोध त्याने १७९६ मध्ये लावला. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. हे पुरेसं आहे हे गाउसने दाखवलं, आवश्यकही आहे याची सिद्धता १८३७ मध्ये वाँत्सेलने दिली. ज्ञात मूळ फर्मा संख्या पाचच, म्हणून आज माहीत असलेला असा सर्वांत मोठा विषम आकडा ४२९४९६७२९५. त्याहून दोनने मोठी असलेली आपली संख्या या यादीत बसत नाही, ६४१ बाजूंचा बहुभुजही बसत नाही.

६४१ हाती लागण्याचा आणखी एक मार्ग सांगतो, कारण दुसऱ्या मोठ्या संख्यांवर तो तुम्हाला कामी येईल. जॉन पोलार्डने १९७४ मध्ये मांडलेली ‘म − १’ रीत. ६४० मध्ये २ आणि ५ एवढेच मूळ अवयव आहेत. त्यामुळे ३ चा ६४० वा घात घेऊन त्यातून १ वजा केला आणि आपल्या संख्येशी मसावि काढला तर थेट ६४१ येतो. ६४० आधी माहीत असण्याची गरज नाही. लहान मूळ संख्यांचे पुरेसे घात गुणून घातांक तयार केला की चालतं. ६७००४१६ मध्ये १७४४९ हा मोठा मूळ अवयव असल्यामुळे दुसरा अवयव त्यात अडकत नाही आणि दोघे वेगळे होतात.

पुढच्या फर्मा संख्यांचं काय, हेही तुमच्या मनात येईल म्हणून लिहितो. पाचवीपासून बत्तिसावीपर्यंत सगळ्या संयुक्त आहेत हे सिद्ध झालं आहे. चौथीनंतर एकही मूळ सापडलेली नाही. सातवीचे अवयव १९७० मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी पाडले, आठवीचे १९८० मध्ये ब्रेंट आणि पोलार्ड यांनी. विसावी आणि चोविसावी यांचा एकही अवयव ज्ञात नाही, तरी त्या संयुक्त आहेत याबद्दल शंका नाही. पेपँची कसोटी एवढंच सांगते की मूळ नाही. अवयव कोणते, याबद्दल ती काही बोलत नाही. तेहेतिसावी मूळ की संयुक्त ते ठरलेलं नाही; तिला २५८ कोटींहून जास्त अंक आहेत.

सहावी मात्र कागदावर तपासण्यासारखी आहे. २^६४ + १ चा साचा २५६क + १, आणि तिचा लहान अवयव क = १०७१ ला येतो: २७४१७७. तो शोधायला चिकाटी लागते, पण पडताळायला दोनच वर्ग पुरतात. ६५५३६ पासून सुरू करा. त्याच्या वर्गाला २७४१७७ ने भागलं की बाकी २५८७६८, म्हणजेच −१५४०९. त्याचा वर्ग २३७४३७२८१. त्यात १ मिळवला की २३७४३७२८२, आणि तो बरोबर ८६६ × २७४१७७ आहे.